भवानीला सोडलेलं तेल

उमरगा,
दि. ३ जानेवारी २०२५

श्रीदेवी,

शरणार्थ. तुला बघायला आलेल्या पाहुण्यांशी मी भांडलो, म्हणून तू माझा नंबर ब्लॉक केलास. म्हणून हा कागद. शुभांगीच्या हाती देतोय, तिच्यावर चिडू नको. तुझ्या मामाची पोरगी असली तरी मी तिला चार दिवस छळलंय.

इकडं बरं आहे. संक्रांत जवळ आली, आमच्या तेलघाण्यावर गर्दी आहे. अप्पा गिऱ्हाइकांसमोर म्हणतात, "बीएस्सी अर्धी झाली, अक्कल पावच राहिली." लोक हसतात. मी पहिल्यासारखा डबा आपटून निघून जात नाही.

शुभांगी म्हणाली, येळवशीच्या अमावस्येला शेतात तू तेलातल्या भज्जीला हातसुद्धा लावला नाहीस. नुसती आंबील आणि कोरडी भाकरी. मामी रागावल्या तर म्हणालीस, "अव्वानं भवानीसाठी तेल-तूप सोडलं होतं. तिचा नवस अर्धा राहिला, ती गेल्याला वरीस होईपर्यंत मी पाळणार." दोनदा चक्कर येऊन पडलीस म्हणे.

ते ऐकल्यापासून लिहायला बसतोय आणि उठतोय.

सोलापूरच्या कॉलेजात आपण दुसऱ्या वर्षाला होतो. पेशीपटलाचा धडा चालला होता. प्रत्येक पेशीला चरबीची पातळ कातडी असते, आपण खातो त्या तेला-तुपाचा अंश त्या कातडीत जाऊन बसतो, असं सर सांगत होते. त्याच आठवड्यात काकूंच्या, तुझ्या आईच्या, छातीतली गाठ कॅन्सरची निघाली आणि तू घरी आलीस. तुझ्याबिगर त्या वर्गात बसवेना. हजेरीवरून मी सरांशी भांडलो, प्रॅक्टिकलची वही त्यांच्या टेबलावर फेकली आणि कॉलेज सोडलं. तुझ्यासाठीच आलो, हे तुला कधी सांगितलं नाही.

मी तेल द्यायला आलो की काकूंना मात्र ओळखू यायचं. "मल्लू, तेल संपलं न्हाय अजून, कशाला आलास रे?" म्हणायच्या आणि चहा ठेवायच्या.

एका दुपारी तू दवाखान्यात रिपोर्ट आणायला गेली होतीस. मी काकूंना म्हटलं, "कॅन्सरची पेशी वाढायची म्हणजे तिला नवी कातडी लागते. कातडी चरबीची. तेल-तूपच बंद केलं तर?"

"घाण्याचं तेल विकतोस आन् मलाच बंद कर म्हणतोस व्हय?" त्या हसल्या. "डॉक्टरला इचारते की."

मी भडकलो. म्हटलं, डॉक्टरला औषध कळतं, खाणं कळत नाही, कुणाला सांगू नका. मला वाटत होतं, मी त्यांना वाचवलं की तुझे बाबा मला नाही म्हणूच शकणार नाहीत. त्यांच्या दुखण्यातसुद्धा मी माझंच बघत होतो.

"मग घरात काय सांगू? पोरगी तूप वाढल्याबिगर सोडत न्हाय." आणि त्याच म्हणाल्या, "भवानीला सोडलं म्हणते. देवीला सोडलेलं कोण वाढतंय!"

श्री, नवस एवढाच होता. देवीला त्यातलं काही ठाऊक नाही.

काकूंनी तो खऱ्या नवसासारखा पाळला. दूध सोडलं, शेंगदाणे सोडले. बावन्न किलोच्या एकेचाळीसवर आल्या. वजन आणि रक्त बघून डॉक्टरांनी तिसरी केमो पुढं ढकलली, परत ढकलली. त्या दिवशी तू तुपाची वाटी घेऊन रडत होतीस, "अव्वा, देवी रागावणार न्हाय, एक चमचा खा." त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी नुसती मान हलवली असती तरी त्यांनी खाल्लं असतं. मी चहा पीत राहिलो.

त्या गेल्यावर मी सरांकडं गेलो. ते रागावले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, "तू ऐकलंस ते खोटं नाही. खाण्यातल्या चरबीनं पेशीपटल बदलतं. कॅन्सरवर त्याचा काय परिणाम होतो, यावर अजून संशोधन चालू आहे. पण कॅन्सरची पेशी स्वतःची चरबी स्वतःच तयार करते, कमी पडली तर रोग्याच्या अंगातली ओढते. उपाशी रोगी राहतो, रोग नाही. पुढच्याच तासाला शिकवलं होतं मी."

पुढच्या तासाला मी नव्हतो.

तेल चालू असतं तर काकू वाचल्या असत्या का, विचारलं. "ते कुणालाच सांगता यायचं नाही," म्हणाले. त्यांनी सरळ हो म्हणायला पाहिजे होतं.

तुला चक्कर आल्याचं कळलं नसतं, तर मी जन्मभर गप्प बसलो असतो. पाहुण्यांवरचा राग उतरला की कधीतरी बोलशील, एवढ्या आशेवर दिवस काढत होतो. ती आशा आज मीच मोडतोय.

आज भाकरीवर तेल घे. आमच्या घाण्याचं नको वाटलं तर दुकानातलं घे, पण घे. पोटभर खा, आणि मग हा कागद तुझ्या बाबांना वाचून दाखव. ते आले तर मी घरातच असेन, पळून जाणार नाही.

तुझ्या अव्वाला देवीचं नाव घेऊन खोटं बोलायला लावणारा,
मल्लिनाथ