डब्यावरची गाठ

माय, तुझी गाठ मी अजून बांधते. जुन्या लुगड्याचा चौकोन, मधोमध डबा, समोरासमोरची टोकं आवळायची आणि उरलेलं शेवटचं टोक बाहेर लोंबू न देता आतून डावीकडे खोचायचं. उघडणाऱ्याच्या ते ध्यानातच येत नाही, म्हणून परत बांधताना तो हमखास चुकतो. चोर पकडायला तुला पोलीस लागत नव्हते, तेवढं टोक पुरायचं. आता आर्वीत कुरिअरची दुकानं झाली. दुकानदार सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबतो आणि वरून चिकटपट्टी मारतो. तरी आत माझं फडकं असतं आणि फडक्याला तुझी गाठ असते.

रोहण्याहून सकाळच्या गाडीनं तू वांगी आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन आर्वीच्या बाजारात यायचीस आणि दुकान मांडण्याआधी वर्धेच्या एसटीपाशी जायचीस. मी वर्धेला होस्टेलात. ड्रायव्हरच्या सीटमागे डबा ठेवताना तू त्याच्याकडे असं बघायचीस, जणू त्याच्या मिशीला आत्ताच जवसाची चटणी लागली आहे. "भाऊ, गाठ माह्या हातची आहे बरं," असं त्याला ऐकवायचीस आणि मगच खाली उतरायचीस. तो बिचारा हसायचा. संध्याकाळी रिकामा डबा त्याच गाडीनं तुझ्याकडे परत यायचा. टपालखात्यालाही तू सोडलं नाहीस. मामाला टपालानं धाडलेल्या राखीची पोचपावती आली की ती उन्हात धरून सही खरी की खोटी हे बघत बसायचीस, अक्षरओळख नसताना. आम्ही हसायचो. आता माझी लेक मला हसते, किंवा हसायची.

दिवाळीत ती पुण्याहून आली होती. तिच्या नावाचं एक पार्सल घरी आलं. मी उघडलं नाही, देवाशपथ. नुसतं दाबलं, हलवलं, वास घेतला. एवढं तर तूही केलं असतंस. पिशवी कोपऱ्यात फाटली होती आणि आतल्या खोक्याच्या कडेवर आकडा दिसत होता. नऊ नंबरचे बूट. तिच्या बापाचा पाय सातचा, तिचा तर चारचा. मी पोळी वाढता वाढता विचारलं, "नऊ नंबरचा पाय कोणाचा आहे व?" तिनं घास खाली ठेवला. म्हणाली, "आई, पार्सलवर नाव कोणाचं आहे?" भाऊबीजेला थांबलीसुद्धा नाही. तेव्हापासून बापाशी बोलते, पण फोन माझ्या हातात आला की तिची मीटिंग सुरू होते. मला हे फार लागलं, माय. घरात तिच्या आवाजाशिवाय करमत नाही आणि तिला मी नको आहे.

मग मी तिला डबा पाठवला. तिळाचे लाडू, जवसाची चटणी, मुगवड्या. म्हटलं, चव जिभेवर आली की तोंड उघडेल. कुरिअरचा पोचल्याचा मेसेज आला, पण तिचा फोन काही आला नाही. मला वाटलं, पोचलंच नसणार. कुरिअरवाल्यानं खाल्लं असेल, वॉचमननं ठेवून घेतलं असेल, शेजारणीनं सही ठोकली असेल. गेले दुकानात.

"काकू, डिलिव्हर झालं म्हणून दाखवून राह्यलं."

"दाखवाले काय जाते? कोणाच्या हातात देलं ते सांग."

"दारात ठेवलं नं, फोटो आहे त्याचा. हे पाहा. हेच घर आहे नं?"

त्यानं फोन माझ्यापुढे धरला. एक तपकिरी दार आणि दारासमोर पार्सल. ती राहते ते घर मी पाहिलेलंच नाही. इतकी वर्षं तिच्या डब्याची गाठ तपासली, तिचे मेसेज तपासले, पण माझ्या लेकीचं दार मला ओळखू आलं नाही. डोळ्यांत पाणी आलं. चष्मा घरी राहिला, असं मी त्याला सांगितलं. त्यानं फोटो मोठा करून दिला. तेव्हा दाराच्या कडेला सँडल दिसल्या. मागच्या वर्षी मीच आर्वीतून घेतल्या होत्या, या दिवाळीत पट्टा तुटला तेव्हा मीच लाल दोऱ्यानं शिवला होता. दार तिचंच होतं. आणि सँडलशेजारी बूट होते. मोठे, पुरुषाचे.

"बरोबर आहे नं, काकू?"

"बरोबर आहे," मी म्हटलं आणि तो फोटो माझ्या फोनवर मागून घेतला.

त्यानंतर मी त्या बुटांची उलटतपासणीच लावली. कोण आहे, कुठला आहे, काय कमावतो, बूट इतके स्वच्छ कसे, काम करतो की नाही? माझे लाडू कोणाच्या पोटात गेले? तिच्या बापाला फोटो दाखवला नाही. आणि भाजी निवडता निवडता मला तू आठवलीस, होस्टेलच्या जिन्यात उभी.

त्या दिवशी तू न सांगता वर्धेला आली होतीस, परत आलेला डबा हातात घेऊन. "हे गाठ तुह्या हातची नाई. कोण बांधून राह्यलं?" खोलीत माझी जोडीदारीण कॉटवर बसलेली, हडकुळी पोर, तिच्या घरून कधीच डबा येत नसे. तू तिला नखशिखांत न्याहाळलंस. मग मला बाहेर ओढून म्हणालीस, "दोघी एका डब्यात खाता अन मले सांगत नाई? अर्धपोटी राह्यता अन पोट भरलं म्हणता?" मला वाटलं, माझा डबा दुसरीनं खाल्ला म्हणून तू चिडलीस. पुढच्या वेळी डबा उचलताना हात खाली गेला, इतका जड. भाकरी जास्त, भाजी जास्त. तू त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीस. गाठ मात्र तीच होती, टोक आतून डावीकडे.

आज मी पुन्हा डबा दिला. लाडू दोघांना पुरतील एवढे केले. कुरिअरवाला वजन करताना म्हणाला, "काकू, या खेपेले लय जड झालं." मी म्हटलं, "असू दे."

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. तू असतीस तर आधी पाकीट उजेडाला धरलं असतंस. पण त्या बुटांवर माझा विश्वास बसला असं समजू नकोस. लेकीला ही गाठ मी लहानपणीच शिकवली आहे, ती चुकणार नाही. डबा परत येईल तेव्हा टोक बाहेर लोंबत असेल, तर ती गाठ त्या बुटवाल्याच्या हातची असेल. मी कोणाला काही बोलणार नाही. पण बघीन मात्र.