नको, पोटातून

३ जून
युवती मंडळाच्या बाईंनी विचारलं, मुलींना स्वसंरक्षण शिकवाल का? चार रविवार. लगेच हो म्हटलं. फॅक्टरीत अठरा वर्षं सेफ्टी ऑफिसर आहे, कॉलेजात तीन महिने ज्यूदो केलंय. धोका मला लांबून कळतो. आमची कन्या (वय पंधरा) त्याच मंडळात. आता तिला बापाची किंमत कळेल. संकल्प: रोज पन्नास बैठका.

४ जून
बैठका अकरा. गुडघा.

५ जून, रविवार
वाचनालयाच्या वरचा हॉल. नऊ मुली. पहिला धडा आवाजाचा. ‘नको’ म्हणायचं ते पोटातून, आणि कारण द्यायचं नाही. कारण दिलं की समोरचा त्यावर तोडगा काढतो. (हे आयत्या वेळी सुचलं. लिहून ठेवतो.) सगळ्यांत बारकी आहे तिला मुली पेन्सिल म्हणतात. तिचा आवाज घशातच. तीनदा सांगितलं, ऐकू आलं नाही. चौथ्यांदा खालचे ग्रंथपाल धावत वर आले.
कन्येचा ‘नको’ पहिल्याच फटक्यात खणखणीत. कुठे शिकलीस विचारलं तर खांदे उडवले. माझ्यावर गेलीय.

१२ जून
मनगट सोडवणे. पेन्सिलला म्हटलं, बिनधास्त झटका दे. दिला. मी चटईवर आडवा. मुद्दाम पडलो, तिचा कॉन्फिडन्स वाढावा म्हणून.

१३ जून
मुद्दाम पडल्यामुळे कंबर धरली. रजा. हिनं शेक दिला, तोंड दुसरीकडे करून हसत.

१६ जून
शेवटच्या वर्गाला प्रमुख पाहुणा ठरवला. माझा बालमित्र, बॅडमिंटन कोच. कन्या म्हणाली, मग मी येणार नाही. गेल्या वर्षी तिनं त्याचं कोचिंग सोडलं. तेव्हा काहीतरी सांगत होती, काका उगाच हात लावतात, खेटून उभे राहतात. मी नीट समजावलं होतं की रॅकेट धरायला शिकवताना हात लागणारच, आणि त्यानं तुला लहानपणी खांद्यावर खेळवलंय. तिला पटलं. पुन्हा विषय काढला नाही.
आज भाजी चिरता चिरता हिनं विचारलं, खरंच पटलं होतं का तिला. म्हटलं, अर्थात.

१९ जून, रविवार
‘विश्वासाचा हात’. कागदावर पंजा ठेवून गिरवायचा. काही वाईट घडलं तर ज्यांना सांगू अशा माणसांची नावं बोटांवर लिहायची. सगळे कागद घरी आणले, उत्तम असेल तो भिंतीवर लावणार. कन्येच्या अंगठ्यावर कोण असणार ते माहीतच आहे. तिचा कागद सकाळी बघेन, चहाबरोबर.

२० जून, सकाळी
अंगठा: आई. मग मावशी. शाळेच्या पीटीच्या बाई. पेन्सिल. पेन्सिल, वजन पस्तीस किलो. करंगळीवर ‘बाबा’ लिहून खोडलंय. खाली बारीक अक्षरात: सांगून झालं.
चहा तसाच राहिला.

२१ जून
अठरा वर्षांत फॅक्टरीत कुणाला खरचटूही दिलं नाही. माझी पोर घरी येऊन सांगत होती आणि मी तिला रॅकेट कशी धरतात ते समजावत होतो. आज फॅक्टरीच्या जिन्यात बसून रडलो. शिपायानं पाहिलं. त्याला सांगितलं, कंबर.

२४ जून
संकल्प: दोस्ताला फोन. येऊ नकोस, आणि मुलींच्या आसपास तू नकोच, असं स्पष्ट सांगायचं. कारण द्यायचं नाही. त्याच्या क्लबला लेखी तक्रार. आरशासमोर दहा वेळा म्हणून पाहिलं. उत्तम जमलं.

२५ जून
कन्येची माफी मागायला तिच्या खोलीत गेलो. अभ्यास करत होती. विचारलं, पंखा वाढवू का. नको म्हणाली.

२६ जून, रविवार
आठ वाजता दोस्ताला फोन केला. म्हटलं, येऊ नकोस. त्यानं विचारलं, का रे. म्हटलं, हॉलचे लाइट गेलेत. तो म्हणाला, मग कार्यक्रम पुढच्या रविवारी ठेव, तेव्हा येतो. मी म्हटलं, बरं.
फोन ठेवून वळलो तर कन्या दारात, बूट घालून तयार. एवढंच म्हणाली की उशीर होतोय.
हॉलमध्ये मला शिकवता येईना. पेन्सिलला म्हटलं, आज तू घे वर्ग. मी मुलींच्या रांगेत शेवटी उभा राहिलो, कन्येच्या शेजारी. एकेक करून सगळ्या ‘नको’ म्हणाल्या. मग माझी पाळी आली. मीही म्हटलं.
पेन्सिल म्हणाली, सर, ऐकू आलं नाही.