मगजापर्यंत न पोचलेलं औषध

हैदराबाद
३ सप्टेंबर २०२५

प्रिय आशू,

पोळ्याचे फोटो पोचले. बैलांच्या शिंगांवरचं तुझं रंगकाम पाहून माझ्या खोलीतल्या मुली विचारत होत्या, हा चित्रकार कोण. मी ऐटीत सांगितलं, माझा धाकटा भाऊ, आमच्या सावली गावात त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. धान चांगला आहे, फक्त तुडतुडा किडीची भीती आहे, असं माय म्हणाली. तिचे गुडघे कसे आहेत ते मात्र ती मला खरं सांगत नाही. तू लिही.

पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर मी काही गंभीर काढलं की तू मला हसवतोस आणि फोन ठेवून देतोस, म्हणून.

कारखान्यात नवं यंत्र बसलं आहे. तू नेहमी विचारतोस ना, की बाई, तू तिथं बनवते तरी काय? ऐक. पेशीला काय करायचं ते सांगणारा एक निरोप असतो. तो नुसता रक्तात सोडला तर वाटेतच तुटून जातो. म्हणून त्याला चरबीच्या इवल्याशा गोळीत बसवायचं. एका नळीतून अल्कोहोलमध्ये विरघळवलेली चरबी येते, दुसरीतून पाण्यात मिसळलेला निरोप. केसासारख्या बारीक वाटेत दोन्ही धारा जोरात एकमेकींवर आदळतात आणि चरबी त्या निरोपाला पोटात घेऊन मिटते. धार जरा मंद पडली तर कण मोठे होतात, मग सगळं फेकून द्यायचं. नंतर अल्कोहोल काढायचा, गाळायचं, बाटल्या भरून गोठवायच्या. तू दिवसभर मोबाईलचे स्क्रू शोधत असतोस, पण हा कण तुझ्या भिंगातूनही दिसायचा नाही.

काम आवडतं मला. नसीम मॅडम आमच्या प्रमुख आहेत, कडक आहेत पण माया करतात. मागच्या महिन्यात त्यांनी मला बढती दिली. तुला सांगितलं नव्हतं. का नव्हतं सांगितलं, तिकडेच येते आहे.

परवा मायशी बोलले. तुझ्या सिकलसेलच्या कॅप्सूलची पाकिटं डब्यात तशीच भरलेली सापडली म्हणे. तिनं विचारलं तर तू म्हणालास, "बाईची दवाई येऊनच राह्यली, मंग ह्या गोळ्या कायले?" पुनमच्या बाबांनाही तू तेच सांगितलंस, बरा झालो की लग्नाचं बोलू. आशू, धानाच्या रोवणीच्या दिवसांत तुला दुखणं उठलं, श्वास पुरेना, चंद्रपूरला नेऊन ऑक्सिजन लावावा लागला. माय फोनवर फक्त "ये" म्हणाली होती. पावसात भिजल्यामुळे झालं असं आपण सगळे समजलो. तू तेव्हाही गोळ्या घेत नव्हतास, हे मला परवा कळलं.

तुझं रक्त हाडांतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, तयार होतं आणि सिकलच्या विळ्यासारख्या वाकड्या पेशी तिथूनच येतात. मगजात पोचून तिथल्या पेशींना दुरुस्तीचा निरोप देतील असे कण आम्ही बनवत होतो. पण हे कण रक्तात सोडले की यकृतात जाऊन बसतात, ती त्यांची जुनी खोड. आम्ही चरबी बदलली, वरचं आवरण बदललं, धारांचा वेग बदलला. उंदरांवरचे निकाल आले तेव्हा बहुतेक सगळे कण यकृतातच सापडले होते.  नसीम मॅडम एवढंच म्हणाल्या, "कण फार सुरेख झाले होते, दिव्यानी."

मगजाचं काम कंपनीनं थांबवलं आहे. मला यकृताच्या एका जन्मजात आजारावरच्या औषधाकडे दिलं आहे, तीच ही बढती. कळलं त्या दिवशी मी कपडे बदलायच्या खोलीत बसून रडले.

जगात दुसरे लोक यावर काम करत आहेत. कधीतरी होईल. पण पुढच्या वर्षी होईल असं मी तुला सांगू शकत नाही, आणि केव्हा होईल तेही सांगू शकत नाही. म्हणून माझ्या औषधासाठी थांबू नकोस. कॅप्सूल घे, भरपूर पाणी पी, दवाखान्यात जा. पुनमचं रक्त तपासलेलं आहे, तिच्यात सिकल नाही. तुमची मुलं वाहक होतील, आजारी होणार नाहीत. तिला ताटकळत ठेवू नकोस.

तुला बरं करीन म्हणून मी इथं आले होते रे. ते अजून जमलेलं नाही. पण मी घरी येईन तेव्हा तू मला दारात दिसायला हवास.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
तुझी थोरली बहीण, बाई
दिव्यानी


सावली
१९ सप्टेंबर

बाई,

मायच्या गुडघ्याले सूज आहे, पण भजनाले जाऊन राह्यली, म्हणजे बरीच आहे. धानाले तुडतुडा नाई लागला.

तुह्यं पत्र वाचलं आन दुकान बंद केलं. दोन दिवस उघडलंच नाई. तुहा राग आला होता मले, खोटं काऊन सांगू? माही बाई दवाई बनवून राह्यली, असं साऱ्या गावाले सांगून बसलो होतो मी. मंग राग गेला आन भेव वाटलं. ऑक्सिजन लावला तवाबी एवढं नव्हतं वाटलं.

दुकान बंद दिसलं म्हून पुनम घरीच आली. मी पत्रच तिच्या हाती देल्लं. तिनं सारं वाचलं, खाली बसून. मले वाटलं आता उठून जाते. तं म्हणते, "मी काय तुमच्या दवाईसंग लगन करत होती? गोळ्या कुठी ठेवल्या?" मायनं डबा आणून देल्ला. मी गोळी गिळेपर्यंत ती पाण्याचा गिलास धरून समोर उभी होती.

दुसऱ्या दिवशी तिच्यासंगच दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं लय झापलं, रक्त तपासलं आन गोळ्या पुन्हा चालू केल्या. धान निंघाल्यावर लगन ठरवलं आहे. तुले सुट्टी काढा लागन.

आन एक. ते यकृताचं काम हलक्या मनानं नको करू. त्या बिमारीचा कोणी पोरगा कुठीतरी असन, त्याची माय, त्याची बाई असन. त्याच्यासाठी धार बरोबर ठेवजो. मगजाचं काम पुन्हा चालू झालं तं मले सांगजो. मी वाट पाहून नाई राह्यणार, पण आयकून बरं वाटन.

तुहा भाऊ,
आजची गोळी घेतलेला,
अश्विन