सावलीत वाळवलेला भुईआवळा

माय, तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तू नाहीसच, तरी लिहिते आहे. वाचता आलं असतं तर लिहायची हिंमत झाली नसती, खरं सांगते.

नव्वदीतली गोष्ट, मी एम.एस्सी.ला होते तेव्हाची. लिंबायतच्या कापडगिरण्यांच्या वस्तीत, आपल्या खोलीत तू दिवसभर साड्यांचे लोंबते धागे कापायचीस, आणि पावसाळा सरत आला की भेस्तानकडे रुळांच्या कडेने उगवलेला भुईआवळा उपटून आणायचीस, वाळवून डब्यात भरून ठेवायचीस. ताप येऊन गेला, तोंडाची चव गेली, की गल्लीतल्या बायका तुझ्याकडे यायच्या. संध्याकाळी दोघीतिघी तरी दारात बसलेल्या असायच्या. पाल्याचं निमित्त, मान तुझा होता. मला प्रयोगाला वनस्पती हवी म्हटल्यावर तू केवढ्या हौसेने भारा बांधून दिलास! वर बजावलंस, "पोरी, आजच पसरी दे. उनमा नको टाकू, सावलीमा सुकाड." मी दीडशहाणी. भारा दोन दिवस प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवला आणि सरांनी घाई केली तेव्हा पत्र्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात फेकला. पानं काळी पडली. त्याच पानांचा मी अर्क काढला.

आमच्या तपासणीत एक जांभळं द्रावण असायचं. त्यात अर्क घालायचा. अर्कात ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्यं असली की जांभळा रंग जाऊन पिवळा होतो. माझी नळी जांभळीच राहिली. त्याच संध्याकाळी शेजारची परभणीकडची काकू आली, "अक्का, जरा पाला द्या की," म्हणाली. तू डब्याचं झाकण काढलंस आणि मी तिच्यासमोर म्हणाले, "माय, यात काही नाही. मी तपासलंय. नुसतं गवत आहे." तू झाकण परत लावलंस. "माले काय समजस, तू शिकेल शे," एवढंच म्हणालीस. त्यानंतर कुणालाही पाला दिला नाहीस. हळूहळू दारातल्या बायकाही येईनाशा झाल्या. मला काय, अभ्यासाला शांतता मिळाली म्हणून मी खूश!

पुढच्या महिन्यात सरांनी विचारलं, "वाळवलं कसं?" मी सांगितलं, तर म्हणाले, "अगं, मग राहणार काय त्यात!" मी तुझ्या डब्यातून मूठभर पाला उचलला, तुला न विचारता. अर्क काढला, द्रावणात घातला. बघता बघता जांभळं फिकं झालं, मग पिवळं. पुढे टॅनिन निघाली, फ्लेवोनॉइड निघाली, म्हणजे तीच रोखणारी द्रव्यं, नुसतं गवत म्हणे! नळीत रंग बदलला म्हणून माणूस बरा होतो असं नाही, हे मी आजही ठणकावून सांगते. पण 'यात काही नाही' हे धादांत खोटं होतं. प्रबंधात मी 'सावलीत वाळवलेला नमुना' असं लिहिलं. तुला मात्र सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. तू बरोबर होतीस म्हणायचं तर मी चुकले हेही म्हणावं लागलं असतं, आणि तेवढी माझी जीभ वळेना. मेली एरवी कशी चुरुचुरु चालायची!

दीड वर्षाने तू अंथरूण धरलंस. डॉक्टर झाले, इंजेक्शनं झाली. तू दोन घासही खाईनास. काकू उशाशी बसून म्हणाली, "अक्का, तुमचाच पाला उकळून आणू का? तेवढीच तोंडाला चव येईल." तू मान हलवलीस. आवाज खोल गेला होता, पण त्यात केवढा अभिमान होता, माय. म्हणालीस, "नको वं. त्यामा काहीच नही. मन्ही पोरनी तपासेल शे."

मी दारातच उभी होते. ऐकू आलं नाही असं दाखवून मी पाणी भरायला गेले. आलं होतं, माय. शब्द न् शब्द ऐकू आला होता.