पहिलं पान माझं

२६ जून १९८८, रविवार

काल सासरी आले. दापोलीहून एसटीने ठाण्याला, तिथून रिक्षाने माजिवड्याच्या पुढे, आणि शेवटचा तुकडा चालत. ओढ्यावरचा लाकडी साकव ओलांडला की डोंगराच्या पायथ्याला आमचं कौलारू घर, मागे करवंदाची जाळी, पुढे परसात अबोली. शेजार असा नाहीच. मला शहराची धास्ती होती, पण हे तर आमच्या वाडीसारखंच निघालं. हायवेवरचे ट्रक तेवढे लांबून ऐकू येतात.

घरात आम्ही चौघं. सासूबाई भागीरथी, धिप्पाड आणि हसऱ्या. मोठ्या जाऊबाई कलावती, दीर गेल्यापासून त्या इथेच असतात. मग हे. (प्रभाकर. कागदावर लिहायला काय हरकत आहे!) यांची ठाण्यात कचेरीत नोकरी. मी उंबऱ्यावरचं माप ओलांडलं तेव्हा जाऊबाई माझ्या गळ्यात पडून इतक्या रडल्या की मलाच त्यांना थोपटावं लागलं. म्हणाल्या, किती वाट पाहिली तुझी. सख्ख्या बहिणीनेही केलं नसतं एवढं प्रेम.

ही डायरी माहेरून निघताना दादांनी दिली. मॅट्रिकपर्यंत शिकलीस, रोज चार ओळी लिहीत जा म्हणाले.

५ जुलै

सासूबाईंचा खरा पसारा आज कळला. पावसाळाभर त्या डोंगरातून अळंबी आणतात आणि ठाण्याच्या बाजारात विकतात. भागीरथीबाईंची अळंबी म्हटली की लोक डोळे झाकून घेतात, आजवर कुणाचं पोटसुद्धा दुखलं नाही, हे त्या फार अभिमानाने सांगतात.

आज मलाही बरोबर नेलं. वारुळावर उगवलेली अळंबी, टोकदार छत्री, मातीत खोल गेलेला देठ. ही मला ओळखता येते. आमच्याकडे आई उपटताना नेहमी बुंध्यापर्यंत माती उकरायची. बुंध्याशी फाटक्या पिशवीसारखं काही दिसलं, तर ती जात कितीही गोरीगोमटी असो, हात लावायचा नाही. मी तसं म्हटलं तर सासूबाई हसल्या. त्यांची रीत वेगळी. अळंबीबरोबर लसणीची पाकळी शिजवायची, काळी पडली तर विषारी. आई म्हणायची त्यात काही तथ्य नाही, पण मी नवी. लसूण सोलून दिली.

६ जुलै

आज मला पहिलं पान वाढलं! सकाळीच, सगळ्यांच्या आधी, यांच्यासुद्धा आधी. तांदळाची भाकरी आणि अळंबीचं कालवण. माहेरी आई सगळ्यात शेवटी खरवड घेऊन बसायची आणि इथे सासू सुनेला आग्रह करकरून वाढते. तिघंही समोर बसून कौतुकाने बघत होते. मी लाजेने मान वर केली नाही. त्या दोघी दुपारी जेवल्या, हे कचेरीतून आल्यावर. आईला लांबलचक पत्र लिहून यांच्याकडे टाकायला दिलं.

१४ जुलै

पुन्हा अळंबी, पुन्हा पहिलं पान माझं. दिवसभर सासूबाई येताजाता चौकशी करतात. मळमळतंय का, डोकं हलकं वाटतंय का, जीभ दाखव. इतकी काळजी कोण करतं?

एक मात्र ध्यानात आलं. काल वरणभात होता, परवा बोंबील. त्या दोन्ही दिवशी मी सर्वांत शेवटी जेवले.

१८ जुलै

जाऊबाईंना विचारलं. ओढ्यावर धुणं धूत होतो. आधी त्या ऐकलंच नाही असं दाखवत राहिल्या. मग हातातला पिळा दगडावर ठेवून म्हणाल्या, "तू यायच्या आधी मी होते."

हळूहळू सगळं सांगितलं. मिसळीची अळंबी असली, ओळख पटेना, की घरातल्या एकीने सकाळी खायची. दुपारपर्यंत तिला काही झालं नाही की बाकीच्यांनी खायची आणि टोपली बाजारात जायची. सासूबाईंनी स्वतः तरुणपणी हेच केलं, त्यांच्या सासूने करायला लावलं. मग यांच्या पहिल्या बायकोने.

मला ठाऊकच नव्हतं यांची पहिली बायको होती ते. विमल तिचं नाव. कावीळ होऊन गेली म्हणे, जेमतेम आठवड्यात. तेव्हापासून जाऊबाई.

त्या म्हणाल्या, मी रोज देवाला सांगायचे, प्रभाकरभावोजींचं लग्न होऊ दे.

पिळे भरून आम्ही घरी आलो.

१९ जुलै

यांच्याजवळ विषय काढला. हे चपलेचा पट्टा लावत होते, लावतच राहिले. म्हणाले, आईला चाळीस वर्षांचा अनुभव आहे, तू तिच्यापेक्षा शहाणी का? मी विमलचं नाव घेतलं. हे उठून कचेरीत गेले, डबा न घेता.

यांच्या दुसऱ्या सदऱ्याच्या खिशात माझं आईला लिहिलेलं पत्र सापडलं. टाकलेलंच नाही.

२२ जुलै

निघाले होते. पिशवीत दोन लुगडी, लग्नात मिळालेले आहेराचे पैसे. नाक्यावरच्या बसथांब्यापर्यंत पोचलेही. बस दिसत होती.

मागून सासूबाई आल्या. धावत नाही, शांतपणे. माझा हात हातात घेतला आणि थांब्यावरच्या बायकांना म्हणाल्या, नवीन आहे, माहेरची आठवण येते पोरीला. सगळ्या हसल्या. एक कोळीण म्हणाली, जा गो बाय, अशी सासू मिळायला नशीब लागतं. मी तोंड उघडलं, पण काय सांगणार होते? मला अळंबीचं कालवण वाढतात म्हणून?

बस गेली. घरापर्यंत त्यांनी हात सोडला नाही. दुखेल असा धरला नव्हता. एवढंच की सोडला नाही.

आता मी ओढ्यावर गेले तरी कुणीतरी बरोबर असतं.

३० जुलै

पाऊस थांबत नाही. साकव पाण्याखाली गेला, हे कचेरीतून कमरेएवढ्या पाण्यातून आले. सासूबाई मात्र डोंगरात जाऊन आल्या. टोपलीभर पांढरी, गुबगुबीत, मोत्यासारखी अळंबी. बहुतेकांचे देठ वरच छाटलेले. एकाचा बुंधा शाबूत राहिला होता. त्याला खाली पिशवी होती.

मी तो उचलून त्यांच्यासमोर धरला. यातली काही वेगळी आहेत, म्हटलं.

त्या म्हणाल्या, "म्हणूनच तर तू आहेस."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. उद्या पीठ भिजवायचंय हे जसं सांगतात, तसंच सांगितलं.

३१ जुलै, रविवार

सकाळी पान वाढलं. तिघं समोर. कालवणातली लसूण पांढरीशुभ्र होती, सासूबाईंनी मला ती मुद्दाम दाखवली. मी घास गालात धरला, पाणी प्यायल्यासारखं केलं, परसात जाऊन थुंकले. भाकरीच्या आड पदरात घेतलेलं चिखलात पुरलं. परत आले तर त्यांनी जीभ बघितली.

मला वाटलं होतं हे खायच्या आधी सांगेन. सकाळभर सांगायचं ठरवत होते. सांगितलं की माझ्यापुढे पुन्हा पान येणार होतं. दुपारी पानं मांडली आणि मी चुलीपाशी उभी राहिले. सासूबाईंनी खाल्लं. यांनी खाल्लं. जाऊबाईंचा हात पानाकडे गेला तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "मी गिळलं नव्हतं."

जाऊबाई पान सोडून उठल्या. हे पांढरेफटक पडले. सासूबाई खातच राहिल्या. मग म्हणाल्या, बाजारात नाव घालवायचा डाव आहे हिचा. वाटीत कालवण घेतलं आणि यांना म्हणाल्या, धर हिला. मला वाटलं हे धरणार नाहीत.

यांनी मनगट धरलं. मी चार घास खाल्ले. गिळेपर्यंत सासूबाईंनी माझं तोंड मिटून धरलं होतं.

आता संध्याकाळ आहे. काही होत नाही. काहीच होत नाही आहे.

१ ऑगस्ट

पहाटेपासून आम्हा तिघांनाही. उलट्या, जुलाब, पोटात सुरीसारखं. जाऊबाई घागरी भरभरून पाणी आणतात. डॉक्टरला आणायला निघाल्या होत्या, ओढ्यावरून परतल्या. साकव वाहून गेला. लिहवत नाही.

२ ऑगस्ट

तसंच. हे आईला हाका मारतात, ती शेजारीच पडून आहे.

३ ऑगस्ट

थांबलं. सगळ्यांचं. सकाळी सासूबाई उठून बसल्या, पेज मागितली, वाटीभर प्यायल्या. म्हणाल्या, ओढ्याचं गढूळ पाणी बाधलं, दुसरं काही नाही. हे हसले. उद्या कचेरीत जाईन म्हणतात. मलाही भूक लागली आहे, अंगात हलकं हलकं वाटतं.

हेच मला नको आहे. आमच्या वाडीत त्र्यंबककाकांच्या घरी अळंबी खाऊन असंच झालं होतं. तिसऱ्या दिवशी सगळे उठून बसले, म्हणून डॉक्टरला परत पाठवला. मग एकेक जण पिवळा पडत—

सासूबाईंचे पाय धरले. पाणी उतरलंय, मोठ्या इस्पितळात जाऊ, चौघं मिळून जाऊ, म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, काय म्हणून जायचं? भागीरथीबाईंच्या घरात अळंबी बाधली म्हणून?

मग टोपली घेऊन डोंगरात गेल्या. त्याच जागी अजून उगवली आहेत म्हणे. म्हणाल्या, आता आपण तिघांनी खाऊन बघितली आहेत—

४ ऑगस्ट

आरशात बघितलं. डोळे.

यांचे जास्त. हळदीसारखे. हे कचेरीला निघाले आणि दारातच बसले. मला ओळखतात, मग ओळखत नाहीत. मला विमल म्हणाले.

सासूबाई यांना आत निजवून सकाळीच बाजारात गेल्या. जाऊबाईंना टोपली धरायला घेऊन गेल्या. बाहेरून कडी. मी धडका दिल्या. खिडकीला गज आहेत. हाका मारते तर आवाज पावसात—

उजव्या कुशीत दुखतं.

४ ऑगस्ट, दुपार

हे बोलत नाहीत. श्वास आहे. हात धरून बसले. त्याच हाताने माझं मनगट—

नाही सोडला मी.

कुणीतरी येतंय. चिखलात पावलं. एकच माणूस.

जाऊबाई. कडीला कुलूप आहे. किल्ली सासूबाईंच्या कमरेला, आणि सासूबाई बाजारातच कोसळल्या, लोकांनी टांग्यात घालून नेलं. त्या गजांपाशी रडतात, दगड आणते, कुलूप फोडते म्हणतात. मी विचारलं टोपली कुठे. म्हणाल्या, रिकामी.

केव्हा?

तासाभरात. नेहमीसारखी. हातोहात.

मी म्हटलं, कुलूप राहू दे. आधी बाजारात जा. धावत जा, सांगा सगळ्यांना, शिजवू नका. त्या गज सोडत नाहीत. विचारतात, कुणाकुणाला सांगू? नावं कुठे माहीत आहेत? एक बाई होती नऊवारीतली, एक मास्तर, एक बाई दोन पोरींना घेऊन, त्यांना सासूबाईंनी मूठभर वरून—

जा म्हटलं. जा. आता चुली पेटल्या असतील, आता दुपारची पानं—