पाच पितळी तोट्या

दि. ९ फेब्रुवारी
नवं भाड्याचं घर, तिसरा मजला

चिरंजीव बाळास,

तुझ्या बाबांचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मंगळवारी पोचलं, सोबतचा कागदही मिळाला. कागदाचं शेवटी लिहितो. इथे सगळे खुशाल. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. तुझी आई तिकडे घरी एकटी, रोज फोन करून विचारते की मुलाचं घर लावायला गेलात की तिथेच भाडेकरू राहिलात. चिमणीचा पुढचा दात पडला. तुला दाखवायला तिने तो काड्यापेटीत जपून ठेवलाय आणि आम्हाला पेटी उघडायची परवानगी नाही.

घर चांगलं आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी, शाळा चालत दहा मिनिटांवर. हे घर सूनबाईने एकटीने शोधलं हे तुला कळायला हवं. तुझी सीमेवर रवानगी झाली आणि महिन्याभरात सरकारी क्वार्टर रिकामं करा म्हणून नोटीस आली, तेव्हा माझी गाडी इथे पोचायच्या आत तिने पाच घरं पालथी घातली होती. एका मालकाने म्हणे विचारलं, "मिस्टर नाहीत का सोबत? त्यांच्याशीच बोललो असतो." ही म्हणाली, "ते ड्यूटीवर आहेत. भाडं मी देणार, जिना मी चढणार, तेव्हा माझ्याशीच बोला." ते घर अर्थातच मिळालं नाही. पण सांगताना ती हसत होती.

सामान बांधणंही बघण्यासारखं. प्रत्येक खोक्यावर नंबर, आणि वहीत त्या नंबरापुढे आत काय आहे ते. चिमणीची पट्टी सातव्या खोक्यात म्हणजे सातव्यातच. मी चाळीस वर्षं नळदुरुस्तीची पिशवी वागवली, पण पाना हवा असला की अजून अख्खी पिशवी जमिनीवर ओततो. तुझी बायको दुकान चालवायला बसली असती तर आपण सगळे तिच्या हाताखाली नोकरीला असतो.

आता मुद्द्याचं. किती वेळ टाळणार?

तू लिहिलंस की युनिटच्या ऑफिसातून तुला कळलं, तुझ्या बायकोने क्वार्टरमधल्या सरकारी तोट्या काढून विकल्या. त्यामुळे क्वार्टर परत दिल्याची ताबापावती अडली, आणि पावती नाही म्हणून घरभाड्याचा भत्ता अडला. चार लोकांत तुझी मान खाली गेली. बाळा, त्या तोट्या मी काढल्या.

झालं ते असं. ताबा द्यायच्या आदल्या दिवशी सूनबाई चिमणीच्या शाळेत दाखला आणायला गेली होती. मी रिकाम्या क्वार्टरमध्ये एकटा. पाच तोट्या, आणि पाचही गळत होत्या. टप, टप, टप. दुसऱ्या कुणाला ते ऐकू आलं नसतं, मला दुसरं काही ऐकू येईना. मनात आलं, नळवाल्याच्या मुलाचं घर आणि गळक्या तोट्यांनी परत द्यायचं? गेलो बाजारात, चकचकीत नव्या पाच आणल्या, दोन तासांत बसवल्या. जुन्या पितळी रस्त्यावरून चाललेल्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या. सूनबाई आली तेव्हा मी प्रत्येक तोटी उघडून बंद करून दाखवली. "बाबा, किती छान," म्हणाली. मला तेच ऐकायचं होतं.

खरं सांगू? नुसते वायसर बदलले असते तरी भागलं असतं. आठ-आठ आण्यांच्या वायसरने काम होतं तिथे अख्खी तोटी बदलणाऱ्याला मी जन्मभर चोर म्हणत आलो. पण सुनेपुढे मिरवायचं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

दुसऱ्या दिवशी क्वार्टर खात्याचा कारकून यादी घेऊन आला. पंखे मोजले, कड्या मोजल्या, मग तोटीखाली हात घालून चाचपलं आणि थांबला. जुन्या प्रत्येक तोटीच्या पोटाला खात्याचा शिक्का आणि नंबर होता. मला माहीत नव्हतं. निदान काढताना बघायला हवं होतं, पण नव्याच्या नादात जुन्याकडे कोण बघतो.

"या कुणी काढल्या?" त्याने विचारलं. "बाहेरच्या माणसाने हात लावला असेल तर मला पोलिसांत कळवावं लागेल."

मी तोंड उघडणार एवढ्यात सूनबाई म्हणाली, "मी बदलून घेतल्या. राहणारी मी आहे, जबाबदारी माझी." आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी तोंड उघडणार होतो असं वर लिहिलंय. ते खोडून टाक. मी मूग गिळून उभा होतो. पोलीस शब्द ऐकल्यावर मी भिंतीला टेकलो. सत्तरीचा म्हातारा, नातीसमोर, सुनेच्या पाठीआड.

पुढचं तुला युनिटने कळवलेलं नाही, म्हणून मी कळवतो. तीन दिवस ती चिमणीला शाळेत सोडून भंगाराच्या दुकानांतून फिरली. चार तोट्या एकाकडे पोत्यात सापडल्या. पाचवी त्याने एका नळवाल्याला विकली होती, आणि त्याने ती एका बाईंच्या न्हाणीघरात बसवलीसुद्धा. सूनबाई त्या बाईंच्या दारात नवी तोटी घेऊन उभी राहिली. बाई म्हणाल्या, "माझा नळ चांगला चाललाय, मी का बदलू?" ही म्हणाली, "तुमचा चालतोय, पण त्याच्यावाचून माझं घर अडलंय. दहा मिनिटं द्या, गळला तर माझं नाव बदला." बाईंनी तिला आधी चहा पाजला, मग न्हाणीघर दाखवलं.

मी पाना घ्यायला गेलो तर म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगा, मी करते. तुमचा गुडघा." भिंतीला एक हात टेकून तिने पाना धरला तो अगदी जसा धरायला हवा तसा. आटे खराब न करता तोटी काढली, नवी बसवली, एक थेंब नाही. क्वार्टरमध्येही पाचही तिनेच परत बसवल्या, नवे वायसर घालून. कारकुनाने नंबर तपासले, मग मुद्दाम पाचही नळ उघडून बंद केले. म्हणाला, "बाई, या आधी एवढ्या घट्ट कधी बंद होत नव्हत्या." ताबापावती परवा मिळाली. तारीख घर खरोखर रिकामं केलं त्याच दिवसाची, कारण तिने तसा अर्ज लिहून अधिकाऱ्यांसमोर दोन तास बसून ती मागून घेतली. भत्ता मागच्या दिवसांसकट मिळेल. तोवर इथल्या घरमालकीणबाईंना भाड्यासाठी तिने कसं थांबवून धरलं ते मी विचारलं नाही, पण सकाळी साडेपाचला ती बेकरीत पाव बांधायला जाते हे मला उशिरा कळलं.

हे सगळं तुला कळवू नका, अशी तिने मला शपथ घातली होती. "त्यांचं लक्ष तिकडे असू दे," म्हणाली. मला ती शपथ सोयीची होती, म्हणून मी पाळली. तुझं रागाचं पत्र तिला आलं त्या दिवशीसुद्धा पाळली.

ते पत्र मी नंतर वाचलं. टेबलावर होतं. सहा ओळींचं. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती" ही त्यातली शेवटची. पण चिमणीला तिने जे पत्र वाचून दाखवलं ते पाव तास चाललं. त्यात तिच्या बाबांनी दात कसा पडला ते विचारलं होतं, तिकडचा एक कुत्रा त्यांच्या बुटात झोपतो, आणि आईला नवं घर आवडलं का हेही त्यात होतं. मी शेजारी बसून ऐकत होतो. कागदावरून तिची नजर एकदाही हलली नाही.

आता तो कागद. तू लिहिलंस की यापुढे भत्ता तिच्याऐवजी माझ्या नावे जमा व्हावा, मी सही करावी. सही केलेली नाही. कागद सोबत परत पाठवतोय, उभा फाडून. तुझ्या अधिकाऱ्यांनाही वेगळं पत्र टाकलंय, त्यात तोट्या कुणी काढल्या ते माझ्या सहीने लिहिलंय. पोलिसांत जायचं झालं तर गुडघ्याला पट्टा बांधून जाईन.

माझ्यावर राग काढायचा तेवढा काढ, मी सोसेन. पण आधी तिला लिही. लांबलचक लिही. यापुढे वाचून दाखवताना तिला एक ओळही मनाने घालावी लागू नये.

तुझा,
सुनेच्या पाठीआड उभा राहिलेला बाप