रिकाम्या पोटी गोळी

हैदराबाद, १२ डिसेंबर

माझ्या याडीले लेक वर्षाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

मी इथं मजेत आहे. भाकर भेटत नाही, एवढंच.

कॉलेजात सरांनी एक प्रयोग केला, त्याच्यासाठी मीच तयार झाली. पहिल्या दिवशी मले साखरेचं पाणी पाजलं. आठवड्यानं, रक्तात साखर तेवढीच चढेल अशा बेतानं, ती शिरेतून देल्ली. तरी पेली त्या दिवशी इन्सुलिन दुपटीहून जास्त निघालं! सर म्हणाले, अन्न पोचलं की आतड्यातून हार्मोन निघते अन् ते स्वादुपिंडाले इन्सुलिन सोडायले लावते, पण रक्तात साखर वाढली असली तरच. आपल्या अंगात एवढी समज आहे, याडी! मी पाहतच राह्यली.

मंग घरून आपल्या प्रेमचा फोन आला. तू शुगरची गोळी घेऊन उपाशीच कापूस वेचायले गेली अन् चक्कर येऊन पडली म्हणे. मी सरांले विचारलं. तुही गोळी साखर पाहत नाही, पोट रिकामं असलं तरी इन्सुलिन सोडायले लावते. रक्तातली साखर उतरली, म्हणून तू पडली. तू म्हणते तसं अंगातलं बळ सरलं म्हणून नाही.

सोमवारी प्रेमसंग यवतमाळले डॉक्टरकडे जाशील नं? गोळी बदलता येते. तोवर जेवल्याशिवाय घेऊ नको. बापूचा खोकला कसा आहे?

संग वेचणाऱ्या इंदूबाईनं गूळ चारल्यावर तू उठून उरलेली ओळ वेचली, हेही प्रेमनं सांगतलं. सर ऐकून थक्क झाले. मले मात्र त्यांच्यासमोरच रडू आलं.

तुही लेक,
वर्षा